जमेची बाजू

भुसावळ सोडून नागपूरच्या महामार्गाने पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि केंद्राभोवती वसाहत वाढत गेली. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरील हतनूर धरणातून येते, आणि माणसे मात्र कुठून कुठून आलेली आहेत. त्यांत आपली मोजकी कॅथलिक कुटुंबेही आहेत. कोणी केंद्रात कायम नोकरीवर, तर कोणी ठेकेदाराकडे रोजंदारीवर. अशाच एका रोजंदारीच्या घरातील मुलगा गेल्या पावसाळ्यात एका वसतिगृहाचा छापील अर्ज घेऊन आमच्याकडे आला. सोबत त्याची आईही होती.

नाव, गाव, जन्मतारीख, दहावीचे गुण, सारे रकाने त्याने सुवाच्य अक्षरांत भरले होते. गुणांच्या रकान्यात ५२ टक्के असे लिहिलेले. पुढचा रकाना मात्र कोरा होता. त्यावर छापले होते, ‘अर्जदाराच्या जमेच्या बाजू’.

“फादर, इथं काय लिहू?” त्याने विचारले.

आम्ही काही बोलण्याआधीच आई म्हणाली, “त्याला कोण जमेस धरतंय, फादर? कोराच राहू द्या तो.”

ती हसत हसत म्हणाली, आम्हीही हसलो. पण ती दोघे निघून गेल्यावर तो ‘जमेस धरण्या’चा शब्द आमच्या मनातून जाईना. कारण त्याच जुलै महिन्यात आम्ही गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव केला होता. ज्यांना ८० टक्क्यांहून अधिक गुण मिळाले, त्यांना शाल, गुलाबाचे फूल आणि प्रशस्तिपत्र. अट आम्हीच घातलेली. त्या समारंभात खुर्च्या मांडणारा आणि शेवटी त्या उचलून ठेवणारा मुलगा हाच होता. त्या माउलीने आमच्यावर दोषारोप केला नव्हता. पण तिने वापरलेला शब्द नेमका होता.

‘जमेची बाजू’ हा शब्दप्रयोग आपण सारेच सर्रास वापरतो. एखाद्या खेळाडूची जमेची बाजू, एखाद्या उमेदवाराची जमेची बाजू, स्थळ पाहताना मुलीची जमेची बाजू. व्यक्तीच्या अंगी असलेले बळ, तिचे उजवेपण, एवढाच त्याचा अर्थ आपण धरून चालतो. हा शब्द आला कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो आला आहे हिशेबाच्या वहीतून. आणि वहीतला अर्थ तपासून पाहिला तर आज आपण त्याचा जो उपयोग करतो, तो निम्माच आहे असे आमच्या ध्यानात आले.

आम्हांला कीर्द लिहायला शिकवली ती आमच्या पहिल्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, थोडे ग्रीकही शिकलो. जमाखर्च मात्र कोणी शिकवला नव्हता. लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही ते गुरुजी समोर ठेवीत आणि पानाच्या मधोमध बोट फिरवीत. डावीकडची बाजू जमेची, उजवीकडची नावेची म्हणजे खर्चाची. डाव्या बाजूला सर्वांत वर मागील पानावरची शिल्लक, मग त्या दिवशी जे जे आले ते. आमची एक चूक ते कधी खपवून घेत नसत. रविवारच्या दानपेटीतली रक्कम आम्ही नुसता आकडा टाकून लिहिली की ते पेन खाली ठेवीत. “फादर, कुठून आली ते लिहिल्याशिवाय रक्कम जमा होत नाही,” असे त्यांचे म्हणणे. मिस्साबलीचे दान असो, सणाची देणगी असो, शेतातल्या पहिल्या पिकाचे विकून आलेले पैसे असोत, जमेच्या प्रत्येक ओळीत देणाऱ्याचे नाव आधी आणि आकडा नंतर.

ही झाली रोजकीर्द. तिच्यावरून जी खतावणी केली जाते, तिच्यात गंमत आणखी पुढे जाते. तेथे प्रत्येक माणसाचे वेगळे खाते. एखाद्याच्या खात्यात जमेची बाजू भारी असेल तर त्याचा अर्थ, त्याच्याकडून आपल्याकडे अधिक आले आहे आणि आपण त्याचे देणे लागतो. म्हणजे वही लिहिणाऱ्याच्या दृष्टीने जमा ही मालकी नव्हे. जमा म्हणजे दुसऱ्याकडून आलेले, ज्याचा जाब द्यावयाचा आहे असे धन. व्यवहारात मुरलेल्या कोणत्याही दुकानदाराला हे सांगावे लागत नाही. आपण मात्र माणसाच्या गुणांविषयी बोलताना ते साफ विसरलो.

शब्दाच्या प्रवासाकडेही थोडे पाहू. ‘जमा’ हा मूळचा अरबी शब्द. गोळा करणे, एकत्र आणणे हा त्याच्या धातूचा अर्थ. जमाव, जमात, जुम्मा हे त्याचेच भाऊबंद. ‘खर्च’ हा त्याचा जोडीदारही त्याच वाटेने, फारसीच्या राजदरबारातून आपल्याकडे आला. खानदेशात तर या शब्दांना मुरायला मोठा अवधी मिळाला. १३८२ पासून दोनशेहून अधिक वर्षे येथे फारुकी सुलतानांचा अंमल होता, आणि १६०१ च्या आरंभी असिरगड अकबराच्या हाती पडल्यावर हा मुलूख मोगलांचा सुभा बनला. मोगलांच्या महसुली दप्तरात दोन शब्द जोडीने येत: ‘जमा’ आणि ‘हासिल’. जमा म्हणजे त्या जमिनीवर ठरवलेला आकार. हासिल म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेला वसूल. कागदावरची जमा मोठी आणि हासिल थोडे, ही त्या काळच्या कारभाऱ्यांची नेहमीची डोकेदुखी होती. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी अजून ‘जमाबंदी’ आहे ती याच कुळातली.

शिवछत्रपतींच्या काळी फारसी शब्दांऐवजी संस्कृत शब्द यावेत म्हणून रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करविला गेला. त्या कोशाचे मोल मोठे आहे. परंतु जमा, खर्च, बाकी, शिल्लक हे शब्द मराठी माणसाच्या जिभेवरून हलले नाहीत. परका शब्द एकदा रोजच्या भाकरीच्या हिशेबात शिरला की तो परका राहत नाही. पुढे तो वहीतून निघून स्वभाववर्णनात कधी शिरला, हे नेमके सांगता येणे कठीण; पण शिरताना त्याने आपला जोडीदार मागे ठेवला, एवढे खरे.

हे जरा नीट पाहण्यासारखे आहे. वहीच्या पानाला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. माणसाबद्दल बोलताना आपण ‘जमेची बाजू’ म्हणतो, पण तिच्यासमोर ‘खर्चाची बाजू’ असे कधी म्हणत नाही. तिच्या समोर आपण उभी करतो ती ‘उणी बाजू’, ‘पडती बाजू’, ‘उणीव’. मुलाखतीत विचारतात तेही तसेच: तुमची बलस्थाने सांगा आणि उणिवा सांगा. जणू माणसाच्या पानावर डावीकडे जे आहे ते आणि उजवीकडे जे नाही ते. वहीत मात्र उजवीकडे ‘नसलेले’ कधीच मांडीत नाहीत. तेथे मांडतात ते दिलेले. आलेल्याचे पुढे काय केले, कोणाला दिले, कशावर वेचले, हे त्या बाजूला येते. आपण पानाचा अर्धा भाग फाडून टाकला, आणि तेथे दुसराच कागद चिकटवला.

युरोपातील भाषांत याच्याशी मिळताजुळता प्रवास एका दुसऱ्या शब्दाने केला आहे, आणि त्याचा संबंध थेट शुभवर्तमानाशी आहे. आज आपली मुले ज्याला ‘टॅलेंट’ म्हणतात, तो ग्रीक ‘तालान्तोन’. त्याचा मूळ अर्थ तराजू, मग तराजूत तोललेले वजन, आणि मग तेवढ्या वजनाची चांदी. हे वजन देशपरत्वे बदलत असे. अथेन्समधील सुमारे २६ किलो भरे. प्रभू येशूच्या काळी एका तालान्तोनाची किंमत सुमारे सहा हजार दीनार धरीत, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर एक तालान्तोन म्हणजे मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. संत मत्तयच्या २५ व्या अध्यायातील दाखल्यात धनी आपल्या दासांना पाच, दोन आणि एक असे तालान्तोन देऊन दूर देशी जातो. ज्याला ‘एकच’ मिळाला म्हणून आपण त्याची कीव करतो, त्याच्या ओंजळीतही वीस वर्षांची मजुरी होती, हे प्रवचनात सांगितले की लोक चमकून वर पाहतात.

याच दाखल्यामुळे युरोपात ‘टॅलेंट’ या शब्दाला नैसर्गिक गुण, कसब असा अर्थ चिकटला. इंग्रजीत तो पंधराव्या शतकापासून आढळतो. त्याआधी त्या शब्दाचा आणखी एक अर्थ होता: इच्छा, ओढ. तराजू ज्या बाजूला झुकतो ती बाजू. पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री, ज्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबते पाठवली आणि ज्याच्या वारसदारांनी पुढे आपली वसई दोनशे वर्षे ताब्यात ठेवली, त्याच्या बोधवाक्यात ‘तालांत’ हा शब्द याच अर्थाने आहे: भले करण्याची ओढ. आपल्या मराठीत यासाठी केवढा सुरेख शब्द आहे! ‘कल’. पारडे कलते आणि मुलाचा कलही असतो. शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची ‘कलचाचणी’ घेतली, तेव्हा तिचे नाव ठेवणाऱ्याच्या मनात तराजू होता की नाही, देव जाणे.

मराठी बायबलमध्ये मात्र हा शब्द उतरला नाही, आणि ते स्वाभाविकच होते. भाषांतरकारांनी ती रक्कम कुठे हजार रुपयांच्या हिशेबात मांडली, तर कुठे चांदीच्या नाण्यांच्या थैल्यांत. वाचकाला पैसा समजला. पण पैशातून गुणाकडे जाणारी वाट मराठीत आपोआप तयार झाली नाही. दर वेळी प्रवचनकाराला ती हाताने दाखवावी लागते. आम्हीही पंचवीस वर्षे ‘रुपये म्हणजे येथे देवाने दिलेले गुण समजावे’ असे सांगत आलो. गेल्या पावसाळ्यात त्या अर्जाकडे पाहताना प्रथमच वाटले की ही वाट आपल्या भाषेत आधीपासूनच होती. दाखल्यातला धनी परत येतो तो हिशेब घ्यायला. आणि परंपरेप्रमाणे हा दाखला टिपून ठेवणारा मत्तय जकातीच्या नाक्यावर बसणारा, म्हणजे वहीच लिहिणारा होता. हिशेबनीस त्याला आपला आश्रयदाता संत मानतात ते उगीच नव्हे. ‘जमेची बाजू’ हा शब्द त्याच्या कानी पडता, तर तो त्याला लगेच कळला असता.

तिसऱ्या दासाविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपण त्याला फार लवकर आळशी ठरवतो. यहुदी शास्त्र्यांच्या मते दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे तो जमिनीत पुरणे. तालमुदात शमुवेल नावाच्या शास्त्र्याचे मत नोंदले आहे की जमिनीखेरीज पैशाची राखण खऱ्या अर्थाने होतच नाही. म्हणजे त्या काळच्या रीतीने पाहता तिसरा दास बेजबाबदार नव्हता. आपल्या खानदेशातही जुन्या वाड्यांच्या भिंतीत आणि चुलीखाली पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी घरोघर सांगतात. पुरणारा शहाणाच मानला जाई. त्या दासाची जमा एका पैशाने कमी झाली नव्हती. त्याच्या पानाची उजवी बाजू कोरी होती, एवढाच त्याचा अपराध. धनी रागावला तो त्या कोऱ्या बाजूवर.

आमच्या येथील एका अभियंत्यांशी हे बोलणे निघाले तेव्हा ते म्हणाले, “फादर, आमच्याकडे तर पुरून ठेवायची सोयच नाही. एवढी वीज साठवायची कुठे? ज्या क्षणी कोणी दिवा लावतो, त्या क्षणी ती इथे तयार व्हावी लागते. मागणी उतरली की संच चांगला असूनही भार कमी करावा लागतो.” संचाची क्षमता मेगावॅटमध्ये पाटीवर लिहिलेली असते; पण ती पाटी म्हणजे मोगलांची जमा. हासिल किती, हे पलीकडे कोणी दिवा लावतो की नाही यावर. त्यांचे हे बोलणे आमच्या प्रवचनापेक्षा सरस होते, हे कबूल केले पाहिजे.

आणखी एक मराठी शब्द येथे आठवतो, ‘देणे’. गळा गोड असला की आपण म्हणतो, ते देवाचे देणे आहे. आणि उधारी राहिली की म्हणतो, वाण्याचे देणे आहे. एकच शब्द, एकदा मिळालेल्याला आणि एकदा फेडायच्याला. ‘देणगी’ हा त्याच घरातला. पावतीपुस्तकावर छापतो तोही तोच आणि मुलाच्या चित्रकलेला म्हणतो तोही तोच. देणे म्हणजे दान आणि देणे म्हणजे ऋण, या दोन अर्थांत मराठीला कधी विसंगती वाटली नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना ग्रीक ‘खारिस्मा’ म्हटले, ज्याला आपण कृपादान म्हणतो. आणि त्याने लगेच हेही स्पष्ट केले की ते प्रत्येकाला मिळते ते सर्वांच्या हितासाठी. जमा शब्दाच्या मुळाशी ‘गोळा होणे’ आहे हे आठवले तर ख्रिस्तसभा हीच एक जमेची वही ठरते.

मात्र ही गोष्ट ख्रिस्तसभेलाही सहज पचली असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ च्या ऑक्टोबर महिन्यात, यावर मोठा वाद झाला. पालेर्मोचे कार्डिनल रुफिनी यांचे म्हणणे असे की कृपादाने ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची गोष्ट होती, आता ती विरळ झाली आहेत. बेल्जियमचे कार्डिनल सूनेन्स यांनी त्याला उत्तर दिले. कृपादाने ही काही परिघावरची नवलाची गोष्ट नव्हे, ती प्रत्येक धर्मग्रामात, प्रापंचिकांत, सुशिक्षितांत आणि अडाण्यांत आजही आहेत, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. परिषदेने सूनेन्स यांची बाजू उचलून धरली. १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात ते आले, आणि १९६५ च्या प्रापंचिकांच्या कार्याविषयीच्या आदेशात तर हे स्पष्ट झाले की मिळालेले कृपादान वापरणे हा श्रद्धावंताचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. हक्क आणि कर्तव्य, जमा आणि खर्च. आम्ही सेमिनरीत या आदेशाची टिपणे काढली होती, परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. तरी पुढे समारंभासाठी ८० टक्क्यांची अट घातली ती आम्हीच.

या बाबतीत आपल्या जळगाव जिल्ह्याने जे पाहिले आहे, ते मोलाचे आहे. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, कविता म्हणून गेला, आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. एवढ्यावर थांबले असते तर तो एक गुणगौरव समारंभच झाला असता. पण पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आपल्या घरी ठेवून घेतले. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांपैकी. ठोमरे हिंदूच राहिला. टिळकांच्या घरात त्याच्या कवितेला जागा होती, ताट होते, आणि लक्ष्मीबाईंची माया होती. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्याच्याविषयी लिहिले आहे ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही नव्हते. भादली म्हणजे जळगाव आणि भुसावळ यांच्या मधले लहानसे स्टेशन. तेथून गाडी जाते तेव्हा डब्यातील फार थोड्यांना हे ठाऊक असते.

आणि लक्ष्मीबाई स्वतः? शाळेची पायरी न चढलेली, लहानपणी लग्न झालेली ही बाई. अक्षरओळख झाली ती संसारात, पतीकडून, तीही अडखळत. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात तिने पूर्ण केले, आणि मराठीतील उत्कृष्ट आत्मचरित्रांत गणले जाणारे पुस्तक लिहिले. कोणत्याही अर्जावर तिला शिक्षणाचा रकाना कोराच सोडावा लागला असता.

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या रचीत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यांच्या पश्चात सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. जे टिपले गेले नाही ते बहिणाबाईंबरोबर गेले. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. खानदेशातील हजारो मुलामुलींच्या गुणपत्रिकेवर आज त्यांचे नाव छापलेले असते, आणि ज्यांचे नाव आहे त्यांना जन्मात एकही गुण कोणी दिला नव्हता.

या तिघांच्या कथेत आम्हांला एक गोष्ट विशेष वाटते. तिघांच्याही बाबतीत कोणीतरी वही घेऊन बसलेले होते. बालकवींना टिळक भेटले, लक्ष्मीबाईंना टिळक आणि पुढे मुलगा देवदत्त, बहिणाबाईंना सोपानदेव. देणाऱ्याने दिले म्हणजे खर्च होतोच असे नाही; घेणाराही लागतो, नोंद करणाराही लागतो. आपल्या घरांत, आपल्या धर्मग्रामात किती ओव्या टिपल्यावाचून गेल्या असतील, याचा विचार केला की झोप लागत नाही.

अर्थात हिशेबाची उपमा फार ताणू नये. त्याच मत्तयने २० व्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला दिला आहे, जेथे शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दीनार मिळतो आणि सारा जमाखर्च कोलमडतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय खर्च मांडावा? जन्मतःच मतिमंद असलेल्या लेकराने? त्यांच्यापुढे वही उघडणे हे पाप होय. वही आपल्यासाठी आहे, ज्यांचे हातपाय चालतात त्यांच्यासाठी. आणि विशेषेकरून ज्यांच्या हाती दुसऱ्यांना शाल देण्याचे काम असते त्यांच्यासाठी.

तो मुलगा दोन दिवसांनी पुन्हा आला. रकाना कोराच होता. आम्ही त्याला बसवले आणि विचारले, “अरे, आम्ही इथे नवे आलो तेव्हा आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला आम्हांला घरोघर कोण घेऊन गेले?”

“मी, फादर. सायकलवर.”

“तुला ती घरे कशी ठाऊक होती?”

“आजी पाठवायची ना, डबा द्यायला.” मग थोडे थांबून म्हणाला, “आता ती पडूनच असते. मीच उठवतो, अंघोळ घालतो. आईला उचलत नाही.”

“आणि सभागृहातला पंखा?”

“ते पप्पांनी शिकवलं.”

आम्ही त्याला गुरुजींची रीत सांगितली: आधी नाव, मग रक्कम. कोणाकडून आले ते लिही, आणि मग त्याचे काय केलेस ते. तो हसला, पण लिहू लागला. पहिल्या ओळीत आजीचे नाव, मग आजाऱ्याची सेवा करता येते असे. दुसऱ्या ओळीत वडिलांचे नाव, मग पंखा, सायकल, मोटर. आमच्या खोलीबाहेर त्याची आई उभी होती. ती आत आली नाही. रकान्यात दोनच ओळींची जागा होती, आणि त्या भरल्या तेव्हा त्याने मान वर केली.

“फादर, आणखी एक कागद जोडला तर चालेल का?”

आम्ही टाचणी शोधू लागलो.